झोंबतंय म्हणजे लागू पडतंय

समस्त करवीरवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सदर बाईच्या अंगाला वास येतो.

असं छापून आलं नाही कुठं. पण ज्यांच्या घरी मी स्वयंपाक करते, त्या नागाळा पार्कातल्या वहिनींनी भिशीच्या नऊ बायकांसमोर दवंडीच पिटली. माझ्या हातात पांढऱ्या रश्श्याचं पातेलं होतं.

"मावशी, रागावू नका, पण वास येतो तुमचा. घामाचा नाही हो. तो दुसरा."

बायका हसल्या. वहिनींनी आतून गुलाबी बाटली आणली. खालची जागा धुवायची. "मीही हेच वापरते. दोन वेळा धुवायचं, मगच माझ्या ओट्याला हात लावायचा."

सत्तेचाळीस वर्षांची मी. तीन बाळंतपणं झालेली. मान खाली घालून बाटली पदराआड घेतली. काम गेलं असतं तर?

घरी वापरली. आग! डोळ्यांतून पाणी. पण आम्ही कोल्हापूरची माणसं. रस्सा झोंबला नाही तर करणाऱ्याला नावं ठेवणारी. मला वाटलं, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. दोनाचं चार वेळा केलं. बाहेरून पुरेना म्हणून आतूनही. हंडा घासावा तशी स्वतःला घासली.

आठव्या दिवशी बसता येईना. लघवीला जायची भीती. मग लाल डाग. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. थोरली बहीण गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली, तिचंही डागापासूनच सुरू झालं होतं. मी भिंतीकडं तोंड करून पडायची.

"काय हाय गं?" नवरा विचारायचा.

"काय न्हाय."

सरकारी दवाखान्यात पदर तोंडावर ओढून टेबलावर चढले. तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नमुना घेतला, मग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "सुगंध. रंग. फेसाचं रसायन. मावशी, सोलून काढलंय तुम्ही. आतली जागा आपोआप स्वच्छ राहते, तिथं काही घालायचं नसतं. बाहेरून साधं पाणी पुरे. वापरायचंच तर सौम्य, बिनवासाचं. आणि खाज, डाग, वेगळा वास आला तर आधी इथं यायचं."

"मग माझा वास?"

"बाईच्या अंगाला बाईचा वास असतोच."

रिपोर्ट येईपर्यंत दिवस मोजले. आला. कॅन्सर नव्हता. भीती ओसरली तशी तिच्याखाली दडलेला राग दिसला.

पुढच्या भिशीला बाटली बायकांच्या मधोमध ठेवली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. आवाज मोठाच निघाला.

"वहिनी, रश्शात खोट असंल तर बोला. लुगड्याच्या आत काय धुवायचं ते मी ठरिवणार. कामाला ठेवा न्हायतर काढा, पर आजपास्नं माझ्या अंगाला नावं ठिवायची न्हाईत."

वहिनी बाटलीकडं बघत राहिल्या. आता हाकलणार, मी समजले. आणि त्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर भसकन निघालं,

"अहो, माझी तर वर्षभर आग होतेय! ती डॉक्टरीण कुठल्या वारी बसते?"