पाण्याचं गाऱ्हाणं

गोव्यातल्या मये गावची विनोदिनी एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नाही. जेवायला बसली तरी एक डोळा उंबऱ्यापलीकडच्या चपलांवर. पुण्याला जाऊन ती मानसशास्त्र शिकली आणि परतली ती एक ध्यास घेऊन. मेंदूला झटका बसून माणसाची वाचा जाते, तेव्हा नेमकं काय जातं, काय उरतं आणि गेलेलं कुठल्या वाटेने परत येतं, हे तिला शोधायचं होतं. पुस्तकात त्याला वाचाघात म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, जीभ बांधली.

शहाऐंशीच्या दसऱ्यानंतर ती पेडण्याच्या टोकाला, केरीला जाऊ लागली. डिचोलीहून म्हापसा, मग शिवोली, तिथून फेरीबोटीने चोपडे आणि पुढे समुद्राच्या कडेने धापा टाकणारी बस. तिथे भिकाजी होता.

भिकाजी म्हणजे केरीचा आवाज. गावाचं गाऱ्हाणं तोच घालायचा. नवी होडी पाण्यात लोटायची असो की कुणाच्या मुलीचं लग्न अडलेलं असो, देवापुढे हात जोडून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं ते भिकाजीने, आणि त्याच्या दर वाक्याला मागच्या माणसांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." स्वतःसाठी त्याने देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याच वर्षी श्रावणात एका सकाळी तो उठला तो उजवा हात लोंबकळत, आणि तोंडात एकच शब्द शिल्लक: "आसूं." असू दे. भूक लागली तरी आसूं, राग आला तरी आसूं.

विनोदिनी त्याला चित्रं दाखवायची. होडी, माड, पाण्याचा पेला. भिकाजी चित्राकडे बघायचा, कपाळावर घाम यायचा, ओठ हलायचे. त्याला सगळं कळत होतं, तेच बघवत नसे.

गोव्याला तेव्हा भाषेचा ताप चढला होता. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून भिंती रंगत, रस्त्यात झाडं आडवी पडत, विनोदिनीची बस वाटेत तासन्‌तास उभी राही. भिकाजीच्या घरातही दोन तट होते. मुलगा गोकुळदास मराठी शाळेत मास्तर, पुतण्या सगुण तेरेखोलच्या फेरीबोटीवर आणि कोकणीचा कट्टर. अशा घरात विनोदिनी एकदा सहज बोलून गेली की दोन भाषांच्या माणसाची वाचा परतते तेव्हा कधी कधी एक भाषा आधी येते, बरेचदा आईच्या कुशीतली.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं. भिकाजी पहिला शब्द बोलेल ती त्याची खरी भाषा आणि पर्यायाने केरीची, असं ठरून गेलं.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा ओसरीवर माणसं दाटलेली. गोकुळदास पाण्याचा पेला धरून उभा होता.

"बाबा, पाणी म्हणा. एकदाच."

"म्हाताऱ्याक कित्याक छळतस?" सगुण म्हणाला आणि लगेच वाकला. "काका, उदक म्हण. उदक."

ओसरीवरून कुणी तरी म्हणालं की सोऱ्याची बाटली दाखवा, सगळ्याच भाषा येतील. लोक हसले. भिकाजीचे ओठ कोरडे पडले होते. त्याने डावा हात पेल्याकडे केला आणि गोकुळदासने पेला जरा मागे घेतला. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून "आसूं"सुद्धा बंद झालं.

विनोदिनीने सगळ्यांना बाहेर काढलं, पण स्वतःला कुठे काढणार? पुण्याहून तिचे प्रबंधाचे मार्गदर्शक विचारत होते, पहिला शब्द कुठल्या भाषेतला ते लवकर कळव. तिलाही तेच हवं होतं. पेला मागे घेणाऱ्या हातात आपलाही हात होता, हे तिला मयेच्या तळ्याभोवती चालताना सारखं टोचायचं. आपण तोंड उघडलं आणि त्याचं बंद झालं. आता तो स्वतःसाठी घोटभर पाणी तरी मागेल का कधी?

चालता चालताच तिला सुचलं. हा माणूस एकटा कधी बोललाच नव्हता. त्याच्या वाक्याला माणसांची साथ लागायची, आणि आपण त्याच्यापुढे मुकी चित्रं धरत होतो.

गोकुळदास शाळेत आणि सगुण बोटीवर असताना तिने भिकाजीच्या बायकोला, पार्वतीला विचारलं, "काकी, तुम्ही म्हणाल का, व्हय म्हाराजा?"

"बाय, तां पुरुषांचां," पार्वती म्हणाली. "बायलांनी म्हणूचां नसतां."

मग विनोदिनीनेच बारीक आवाजात म्हटलं. भिकाजीने मान वळवली, आणि श्रावणानंतर पहिल्यांदा तो हसला.

"शाळेत हजेरी देतंस?" पार्वतीने विचारलं. तिने पदर सारखा केला, नवऱ्याकडे नव्हे, चुलीकडे तोंड केलं आणि पोटातून आवाज काढला, "व्हय म्हाराजा."

भिकाजीचा डावा हात छातीशी आला. "बा देवा म्हाराजा..." होड्यांसाठी, शेतांसाठी, खाणीवर गेलेल्या पोरांसाठी ओळीमागून ओळ येत गेली आणि पार्वती चुलीकडे बघतच साथ देत राहिली. तिचे डोळे वाहत होते. विनोदिनीला मात्र चैन नव्हतं. ही पाठ झालेली वाट होती. गाऱ्हाणं संपलं, तिने पेला दाखवला आणि भिकाजी पुन्हा म्हणाला, "आसूं."

मग हिवाळाभर त्या दोघी गाऱ्हाण्याच्या मध्येच थांबून वाट बघू लागल्या. तिथे त्याने स्वतःचं काही घालावं म्हणून. होळी गेली, काजू संपले. राजभाषेचा कायदा झाला, पण वाद काही शमला नाही. मेअखेर गोवा राज्य झालं त्या दिवशी गोकुळदास आणि सगुण बऱ्याच महिन्यांनी एका बाकावर बसून अंगणात रेडिओ ऐकत होते. आत उकाड्यात भिकाजीने हात छातीशी नेला.

"बा देवा म्हाराजा..." तो अडला. घाम फुटला. पार्वतीचा हात पिठात थांबला. आणि त्याने पाणी मागितलं. देवाकडे, स्वतःसाठी, गाऱ्हाण्याच्या सुरात.

"व्हय म्हाराजा," म्हणत पार्वती पिठाच्या हातांनीच कळशीकडे धावली.

बाहेरचे दोघे आत आले तेव्हा म्हातारा घटाघटा पाणी पीत होता. गोकुळदासने विचारलं, काय म्हणाले? सगुणने विचारलं, खंयचो शब्द? पार्वतीने विनोदिनीकडे पाहिलं.

"त्यांना तहान लागली होती," विनोदिनी म्हणाली.

पुण्यालाही तिने एवढंच कळवलं. मार्गदर्शक चिडले, प्रबंध रखडला, आणि आपण विद्येशी लबाडी केली की माणसाशी इमान राखलं, हा प्रश्न तिला पुढे कितीतरी वर्षं बसू देईना. त्या दिवशीही ती बसली नाही. एका शब्दाने काय होतंय, आता भूक, मग राग, असं पुटपुटत ती चपला शोधत होती.

मागे भिकाजीने रिकामा पेला पुढे केला आणि पुन्हा सूर लावला.

"व्हय म्हाराजा," पार्वती कुरकुरली. "माका भाकरेक हात लावूक दितलास काय?"