सासूबाईंच्या टर्की आणि माझा भोंगा

माझ्या सासूबाई, दोन्या एल्सी, म्हणजे एल्सीबाई, कुणावर विश्वास ठेवत नाहीत. माझ्यावर तर नाहीच. मेक्सिकोतल्या अख्ख्या मेरिदा शहरात घरोघरी चोर पकडायचे भोंगे बसवणारा मी, विल्बर्थ. पण त्यांच्या लेखी मी म्हणजे फ्रीजपाशी सापडणारा जावई.

माझ्या लेकीचा, यारेत्सीचा, पंधरावा वाढदिवस जवळ आला होता. लाडक्या नातीच्या जेवणावळीसाठी सासूबाईंनी परसात मक्यावर टर्की पोसल्या होत्या. त्यातच गल्लीत चोरांचा सुळसुळाट. मी म्हटलं, काळजीच सोडा! परसाच्या भिंतीवर सेन्सर ठोकला आणि ऐटीत समजावलं, "आई, याला माणूस नाही, अंगाची ऊब दिसते. थंड भिंतीपुढून ऊब सरकली, की भोंगा बोंबललाच."

"आणि टर्कीला ऊब नसते होय?"

दिवसभर भोंगा बोंबलला. शेवटी मी टर्की मागच्या खोपटात कोंडल्या. सगळं शांत! मीच माझी पाठ थोपटली.

मे महिन्यातली दुपार. जेवून सगळे आपापल्या दोरीच्या झोळीत आडवे. एवढ्यात खोपटात टर्कींनी एकच गलका केला. सासूबाई उठून बसल्या.

"पडा हो निवांत," मी डोळेही उघडले नाहीत. "कुणी असतं तर भोंगा नसता वाजला?"

त्या पडल्या. आयुष्यात एकदाच त्यांनी माझं ऐकलं.

उठलो तर खोपटाचं दार सताड उघडं, आत नुसती पिसं. परसाची भिंत उन्हात तापून अंगाइतकी गरम झाली होती. तिच्यापुढे चोराची ऊब वेगळी दिसणार कशी? हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, बरं का! यारेत्सी ढसाढसा रडली आणि माझ्याशी बोलायचीच बंद झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जावईबापू, याला नीट दिसतं तरी कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"थंड जागेपुढे," मी पुटपुटलो.

त्यांनी माझ्याच हातून तो सेन्सर स्वयंपाकघरात ठोकून घेतला, बरोबर फ्रीजसमोर.

वाढदिवसाला डुकराच्या मटणावर भागवलं. पाहुणे जेवत होते. मी हळूच बिअरसाठी फ्रीज उघडला आणि भोंग्याने घर डोक्यावर घेतलं. सगळे धावत आले. मी बाटली हातात धरून बटण शोधत गरगर फिरतोय, भोंगा आणखीच पेटतोय.

गर्दीतून यारेत्सी पुढे आली. हसू आवरत नव्हतं तिला.

"पपा, हलू नका ना! गप्प उभे राहा, थांबेल तो."

इतक्या दिवसांनी पोर माझ्याशी बोलली होती. भोंगा थांबला, तरी मी हललो नाही.