दावणगिरीपर्यंत एकट्या

माझ्या सासूबाई हॉटेलात शिरल्या की मेनूकार्डाला हात लावत नसत. वेटर पाणी ठेवायला आला की त्याला म्हणत, "आधी नुसती चटणी आणा. मग ठरवू, बसायचं की उठायचं." चटणी येई, त्या बोटाच्या टोकानं चाखत आणि आमचा सगळा गोतावळा श्वास रोखून निकालाची वाट पाही. दोनदा आम्ही खरोखर उठलो. पैकी एकदा मी तोंड लपवायला मेनूकार्ड उघडं धरलं होतं, ते तसंच हातात घेऊन रस्त्यावर आलो आणि परत द्यायला मलाच आत जावं लागलं.

कुमुदताई त्यांचं नाव. बिबवेवाडीत मुलाकडे, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे, अभिजितकडे राहत. परवा त्यांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं, की मला आधी सकाळ आठवते आणि नंतर भूक लागते.

लग्न झाल्यापासून रोज सहा माणसांचा नाश्ता त्यांनी केला. सगळ्यांचं झालं की कढईच्या तळाला उरलेलं, ओट्याशी उभ्यानं खायचं. सासरे गेले, मुलांचे संसार मार्गी लागले आणि एका रविवारी मी त्यांना मंडईजवळ पोहे खायला नेलं. वाफाळती बशी समोर आली. दोन घास खाऊन त्या म्हणाल्या, "जावईबापू, पोहे गरम असतात हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं."

त्या दिवसापासून त्यांनी नाश्ता घराबाहेर करायचा सपाटा लावला. सातारा, नाशिक, कोल्हापूर, जिथं जाऊ तिथं सकाळी सातला तयार होऊन दारात उभ्या. कोल्हापुरात मी मोठ्या ऐटीत मिसळीवर जादा कट मागवला. खाण्यातला जाणकार म्हणून कुटुंबात माझं थोडं नाव होतं, मीच केलेलं. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा. सासूबाई शांतपणे पाव मोडत म्हणाल्या, "खाताय की रडताय? दोन्ही एकदम नका करू."

मग त्या न्हाणीघरात घसरल्या. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. अभिजित हिंजवडीत नोकरीला. तिथल्या वाहतुकीत रोज तीन तास बसून माणसाला जगाची जेवढी भीती वाटू शकते, तेवढी त्याला आईच्या बाबतीत वाटायची. त्यानं जाहीर केलं, "आई, आता बाहेर फिरणं बंद. सकाळी ओट्स."

"हात मोडलाय, जीभ नाही."

"वय बघ ना तुझं!"

प्लास्टर निघालं त्या दिवशी सासूबाईंनी पैज लावली. गल्लीच्या तोंडाशी 'दावणगिरी लोणी स्पंज डोसा' अशी पाटी होती. पुण्यात अशा पाट्या चौकाचौकात. "एवढं नाव घेतात, तर एकदा त्या गावालाच विचारून येते," त्या म्हणाल्या. "एकटी जाणार. जमलं नाही, तर मरेपर्यंत ओट्स. जमलं, तर मी कुठं जाते हे परत कुणी विचारायचं नाही. कबूल?"

अभिजितनं कबूल केलं आणि लगेच मला बाजूला घेतलं. "भावजी, तुम्ही शेजारच्या डब्यातून जा. तिला कळू देऊ नका. लक्ष ठेवा."

म्हणून मी टोपी घालून, मफलर गुंडाळून त्याच गाडीत बसलो. मे महिना होता. रात्र सुखरूप गेली. सकाळी हुबळीला गाडी थांबली, फलाटावर इडलीचा वास आला आणि माझ्यातला जाणकार जागा झाला. दोन प्लेट घेऊन सुट्ट्या पैशांसाठी खिसे चाचपतोय, तोवर गाडी हलली. मी धावलो. सांबार माझ्या पुढे धावलं. गाडी गेली.

दोनच मिनिटांत फोन वाजला. "जावईबापू, हातातली इडली आधी खाऊन घ्या, गार होईल. मग बाहेर पडून दावणगिरीची बस विचारा. तुमची बॅग मी उतरवून घेते. कुठल्या बाकाखाली आहे?"

"तुम्हाला... कधी कळलं?"

"पुणे स्टेशनवर. मे महिन्यात मफलर कोण घालतं हो?"

तीन तासांनी मी बसमधून उतरलो, त्यांनी सांगितलेल्या खुणेवरून हॉटेल शोधलं. लाकडाच्या धगीवर मोठा तवा, भिंती धुरानं काळवंडलेल्या. मालक कानडीत बोलत होता, सासूबाई मराठीत, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. पायाशी माझी बॅग. समोर तिसरा डोसा: कडा कुरकुरीत, आत मऊ, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा हळूहळू वितळत चाललेला.

"थांबला नाहीत माझ्यासाठी?"

"डोसा थांबत नाही. बसा. आपल्याकडचा स्पंज होता, हा डोसा आहे."

तेवढ्यात अभिजितचा फोन आला. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला. पलीकडून कुजबुज, "भावजी, आई दिसतेय का? ठीक आहे ना?"

"आई ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुझे भावजी हुबळीला राहिले होते. काळजी करू नकोस, सापडलेत."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न. मी पराभूत पक्षाचा प्रतिनिधी म्हणून मान खाली घालून खात होतो, आणि खरं सांगतो, इतक्या आनंदानं मी आजवर कधी हरलो नव्हतो. मग अभिजितचा आवाज आला, एकदम लहान झालेला. "आई, हरलो मी. कुठं जातेस, कधी जातेस, परत विचारणार नाही. फक्त... पुढच्या वेळी मी येऊ का तुझ्याबरोबर?"

सासूबाईंनी बोटावरचं लोणी सावकाश चाटून पुसलं.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या, आणि मालकाकडे बघून चौथ्या डोशासाठी एक बोट वर केलं.