विमानाने गेलेली लदेणी

पांढरकवड्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो तेव्हाची ही गोष्ट. महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. डॉक्टर आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर असत. मागे मलमांच्या बरण्या आणि मी. लोक मलाच डॉक्टर म्हणत आणि मी त्यांची चूक कधी सुधारली नाही.

मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई आमच्या शेजारी एकट्या राहत. त्यांचा एक तांबूस गावठी कुत्रा होता. वय बारा वर्षं, एका डोळ्यात मोतीबिंदू. बाईंच्या शिस्तीत वाढल्यामुळे परवानगीशिवाय कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. बाई निवृत्त झाल्या आणि लगेच त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. दिल्लीचा भाऊ येऊन त्यांना ऑपरेशनसाठी घेऊन गेला आणि कुत्रा आमच्याकडे राहिला. महिन्याभराने पत्र आलं. आता परत येणं होणार नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, ‘आगगाडीची दगदग त्याला सोसायची नाही. नागपूरहून विमानाने जनावरं पाठवता येतात म्हणे. तुम्ही पाठवाल का? तो जिवंत पोचावा, एवढंच.’

पत्र ऐकून माझी बायको रडली. मी उलट टपाली कळवून टाकलं, निश्चिंत असा. विमान मी तोवर फक्त खालून पाहिलं होतं.

सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. कडीकोयंडा, वरून पॉलिश, चारी बाजूंना बोटभर भोकं. रुखवतात मांडावी अशी देखणी झाली होती. ती व्हरांड्यात ठेवून मी येणाऱ्याजाणाऱ्याकडून वाहवा गोळा करत होतो, तेवढ्यात जवळच्या तांड्याचे नायक बैलाच्या खांद्याला पट्टी करून घ्यायला आले. सत्तरी ओलांडलेला बंजारा म्हातारा. त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्या फिरण्याला ते लदेणी म्हणत. आगगाडी आली, लदेणी संपली आणि तांडा शेतीला लागला.

नायकांनी पेटीभोवती एक फेरी मारली.

“बस पाहू याच्यात.”

“मी काय कुत्रा आहे?” मी भडकलो.

“नाही ना. म्हणून तर तुले समजून नाही राह्यलं.”

माझा स्वभाव असा, की कोणी डिवचलं की मागचापुढचा विचार संपला. गुडघे पोटाशी घेऊन बसलो पेटीत. नायकांनी झाकण लावलं, वर बसले आणि बिडी पेटवली. बिडी संपली तेव्हा मी घामाने निथळत बाहेर आलो. संध्याकाळपर्यंत सुताराने दोन बाजूंच्या फळ्या काढून पट्ट्या ठोकल्या आणि एका बाजूला दार बसवलं. वर उठता येईल, वळता येईल एवढी उंचीही वाढवली. रुखवताची शोभा गेली, पण वारा खेळू लागला.

मी म्हटलं, आता काही काळजी नाही. निघताना झोपेचं औषध पाजतो, डोळे उघडतील ते दिल्लीतच.

नायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बैलाला भलतीच पट्टी बांधली होती. “घाटात लदलेला बैल पाय रोवून तोल धरते. बेहोश जनावर कायचा तोल धरन? जागं ने त्याले. सवय लाव.”

आणि सवय त्यांनीच लावली. लदेणीत सगळ्यांत पुढच्या बैलाच्या गळ्यात पितळी घंटा असे. ती वाजत असली, की मागच्या बैलांना कळायचं, सगळं ठीक आहे, चालत राहायचं. ती घंटा नायकांनी घरून आणली. रोज संध्याकाळी ते तांड्यावरून चालत येत. भाकरी पेटीत ठेवायची, दार उघडं आणि घंटा संथ वाजवायची. पहिले दोन दिवस कुत्र्याने परवानगीची वाट पाहिली असावी, तो आत गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने बाईंचं मागे राहिलेलं एक जुनं लुगडं आत अंथरलं. त्याने ते हुंगलं, आत गेला आणि भाकरी विसरून त्यावर पडून राहिला. आठवड्याभरात दुपारची झोपसुद्धा पेटीतच घेऊ लागला. मला एवढा आनंद झाला, की मी आठ दिवस कोणावर खेकसलो नाही.

औषध मात्र मी शिशीत भरून खिशात ठेवलंच होतं. म्हाताऱ्याचं ऐकलं हे कबूल करणं मला जड जात होतं.

निघायच्या दिवशी बायकोने कुत्र्यासाठी शिरा केला. “रिकाम्या पोटानं जाऊ दे त्याले,” म्हणून नायकांनी तो स्वतःच खाल्ला. ओळखीच्या ट्रकमधून नायक, कुत्रा आणि मी असे आम्ही तिघं नागपूरला गेलो. विमानतळावरच्या मालाच्या कचेरीत कारकून भला होता. त्याने पेटी तोलली, आमच्या डॉक्टरांनी दिलेला तब्येतीचा दाखला पाहिला, पाण्याचं भांडं पक्कं आहे ना ते हलवून बघितलं आणि पट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘जिवंत जनावर’ असं लिहिलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं.

कुत्र्याने असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. तो ताडकन उठला, पट्ट्यांवर डोकं आपटू लागला, केविलवाणा ओरडू लागला.

“हा असाच करत राहिला तर नेणार नाहीत,” कारकून म्हणाला. “थोडा वेळ आहे. शांत करा.”

नायक पाणी आणायला गेले होते. मी खिशातून शिशी काढली, बूच उपटलं. बाईंना दिलेला शब्द डोळ्यांपुढे होता. तेवढ्यात नायक आले. शिशीकडे त्यांनी एकदा पाहिलं. पेटीजवळ उकिडवे बसले, कमरेच्या पंच्यातून घंटा सोडवली आणि वाजवायला लागले. बैल चालतो त्या गतीने, एकएक ठोका. कुत्र्याने कान टवकारले. मग एक गिरकी घेतली आणि लुगड्यावर बसला.

“बाबा, मंत्रबिंत्र आहे का?” कारकुनाने विचारलं.

“मंत्र नाही साहेब. सवय हाय.”

मग त्यांनी ती घंटा पेटीच्या कडीला घट्ट बांधली. मी हळूच म्हटलं, नायकबाबा, ती परत यायची नाही.

“माह्या आज्याची हाय. मले ठाऊक हाय थे.”

पेटी हातगाडीवरून विमानाकडे निघाली तसा घंटेचा आवाज लांब लांब गेला. विमान उडालं, ठिपका झालं, तरी नायक कपाळावर हात धरून उभेच होते. मग म्हणाले, “आता थे शिशी फेकून दे.”

फेकली नाही. सरकारी शिशी. ती फळीवर परत ठेवताना डॉक्टरांनी पाहिली आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ती उजेडात धरली. “एवढं पाजणार होतास? त्या वयाच्या कुत्र्याला?” एवढंच बोलून त्यांनी ती मोरीत रिकामी केली. मी तिथेच स्टुलावर बसलो.

दुसऱ्या दिवशी पोचल्याची तार आली आणि आठवड्याने बाईंचं पत्र. मी ते घेऊन तडक तांड्यावर गेलो आणि नायकांना वाचून दाखवलं. विमानतळावर भावाबरोबर बाई स्वतः गेल्या होत्या. सामानाच्या ढिगात पेटी सापडेना, तेव्हा घंटा वाजली म्हणून भावाला कळलं. ‘पेटी उघडली तेव्हा तो उभा होता,’ असं बाईंनी लिहिलं होतं.

“काय म्हणते?” नायकांनी विचारलं. “वाच पाहू पुन्हा.”

“उभा होता,” मी वाचलं.

त्यांनी आपल्या बायकोला हाक मारून घरातून बाहेर बोलावलं आणि मला म्हणाले, “आता इले वाचून दाखव.”