कार्डांच्या मागची नावं

नलिनीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममधल्या तक्त्यांच्या कपाटासमोर उभी होते, दुसरीच्या वर्गासाठी प्राण्यांचा तक्ता शोधत. फोन त्यांच्या मुलाचा, अभयचा. "काकू, आई सकाळी गेली..." मी "बरं" म्हणाले. असं कोणी म्हणतं का? पण तेवढंच तोंडातून निघालं, आणि तक्ता घेऊन मी वर्गात गेले. रडू आलं ते दोन दिवसांनी, मेथी निवडताना. आता दीड महिना होऊन गेला. रडणंही थांबलंय, नुसता थकवा उरलाय. त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली, ती निदान इथे तरी लिहावी म्हणून बसले आहे.

लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले आणि सुलतान बाजारजवळच्या या मराठी शाळेत लागले. तिथल्या जुन्या शिक्षिका नलिनीबाई. त्यांच्या तीन-चार पिढ्या इथल्याच, त्यामुळे त्यांची मराठी माझ्या कानाला सुरुवातीला वेगळी वाटायची. पहिल्याच आठवड्यात मी तक्ते करायला कार्डशीटची भेंडोळी घेऊन आले, तर म्हणाल्या, "इतकी परेशान कशाला व्हायलीस, मीना? कपाट उघड की." आमच्या शाळेची ती रीतच होती. निवृत्त होणारा शिक्षक आपले तक्ते, चित्रं, कार्डं त्या कपाटात ठेवून जायचा आणि मागून येणारा ती खुशाल वापरायचा. कशावर कोणाचं नाव नसे. नाव घालणं म्हणजे उगाच मिरवणं, असंच सगळ्यांना वाटायचं. मलाही ते फार छान वाटलं होतं.

निवृत्तीनंतर बाईंकडे नोकरीपायी इथे आलेल्या घरांतली मुलं मराठी वाचायला शिकायला येऊ लागली. घरात मराठी बोलणारी, पण अक्षर समोर आलं की गडबडणारी. त्यांच्यासाठी बाईंनी कार्डं केली. 'ब'ला बदक नाही, बंडी. रस्त्यावरची फळांची हातगाडी. "बदक कुठे बघितलंय यांनी? बंडी रोज बघतात," असा त्यांचा हिशेब. शब्द आणि खालच्या दोन-दोन ओळी बाईंच्या, चित्रं मात्र कपाटातली. ती कार्डं ऑनलाइन विकायला ठेवायची कल्पना माझी. शिक्षकांनी केलेलं साहित्य विकणारी एक वेबसाइट मला सापडली होती. तिथल्या अर्जात विचारलं होतं, हे सगळं साहित्य तुमचं स्वतःचं आहे का? मी 'हो'वर टिचकी मारली. बाई दोन हातांवर चहा गाळत होत्या, पण मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. कार्डांखाली बाईंचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव' असं आपोआप छापून आलं. आम्ही दोघी खूश.

चार महिन्यांनी शहरातल्याच अंबरपेठहून एका बाईंचं पत्र आलं. 'कार्डावरचा हत्ती माझ्या बाबांनी काढलेला आहे. त्याचा एक सुळा नेहमी आखूड असायचा.' बाबा म्हणजे आमच्या शाळेतले चित्रकलेचे जुने सर. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मी लगेच म्हटलं, त्यात काय, सरांचं नाव टाकू. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई वकील आहे, तिने मला जमिनीवर आणलं. वर्गात शिकवताना वापरणं वेगळं आणि विकणं वेगळं. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. माणूस गेला तरी त्याचा हक्क एवढ्यात संपत नाही, तो वारसांकडे जातो. आणि नोकरीत असताना काढलेली चित्रं शाळेची की सरांची, तो आणखी निराळा घोळ. बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि कार्डं त्याच दिवशी काढायला लावली.

मग आम्ही अंबरपेठला गेलो. सरांच्या मुलीने पोहे केले होते, त्याने तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई खुर्चीत टेकल्या न टेकल्या तोच म्हणाल्या, "चूक माझी हाय, बाई. मी विचारायला पाहिजे होतं." मी बशीतले शेंगदाणे बाजूला करत राहिले. टिचकी मी मारली होती, हे तेव्हा बोलायला हवं होतं... नाही बोलले. मुलगी शांतपणे म्हणाली, "वर्गात हवी तेवढी वापरा. पण बाबांनी ती मुलांसाठी काढली होती, दुकानासाठी नाही." परतताना ऑटोत बाई एवढंच म्हणाल्या, "आता स्वतः काढायचं." मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि सत्तरी ओलांडलेल्या या बाईने पेन्सिल हातात घेतली. हात थरथरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. "बाई, ही मांजर आहे?" मी चिडवायची. "तिलाच विचार," असं म्हणून त्या रबर शोधायच्या. हत्ती मात्र त्या पुढे ढकलत राहिल्या. एकेक कार्ड पुरं झालं की मागे लिहायच्या, 'चित्र: नलिनी. शब्द: नलिनी.' जन्मात कशावर नाव न घातलेली बाई! शेवटच्या दोन महिन्यांत तर उशीला टेकूनच काढायच्या. मी म्हणायची, राहू द्या ना आता. "नक्को ग, थोडीच राहिलीत," म्हणायच्या.

परवा अभयने कार्डांचा डबा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, वापरायची परवानगी लिहून दे. तो गोंधळला. "आईच्या चित्रांसाठी कोण विचारतंय, काकू?" "मी विचारतेय," म्हटलं. त्याने कागदावर लिहून सही केली. घरी येऊन डबा उघडला. तळाशी पाच कार्डं निघाली, शब्द आणि ओळी लिहिलेल्या, चित्राची जागा कोरी. मी ती उलटली. मागे थरथरत्या पेन्सिलीने पाचही कार्डांवर लिहिलं होतं, 'चित्र: मीना. शब्द: नलिनी.' त्यातलं पहिलंच कार्ड 'ह'चं होतं.

मला चित्र काढता येत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी काल बसले आणि हत्ती काढला. चार वेळा खोडला. फार वाईट झालाय, पण माझा आहे. मग कार्ड उलटलं आणि त्यांच्या ओळीखाली पेनाने लिहिलं, 'चूक: मीना.'

हे कार्ड घेऊन रविवारी अंबरपेठला जाणार आहे. बाईंना हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.