कुकरची रिंग आणि पितळी टाकी

आमच्या ह्यांना हाताने काही करायची सवय नाही. दिवसभर बँकेत आकडेमोड करतात आणि घरातला बल्बसुद्धा वॉचमनकडून बदलून घेतात. अशा माणसाने वेपची, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक सिगरेटची, टाकी घरी बनवायला घेतली, आणि त्यात माझं अर्धं स्वयंपाकघर कामी आलं.

त्याचं असं झालं. छातीत स्टेंट बसला तेव्हा डॉक्टरांनी सिगरेट खलास म्हणून बजावलं. वेपही नको म्हणाले होते, पण हे त्या वेपच्या आधारानेच सिगरेटवरून उतरले, म्हणून मी मुकाट्याने त्यांना ते ओढायला गॅलरी देऊन टाकली. एका सकाळी बेसिनवर आपटून वेपच्या टाकीची काच फुटली. आता हे परत सिगरेटकडे वळणार, असं मला वाटलं. इथे आखातात, उम्म अल हस्समच्या आमच्या बिल्डिंगखालीच कोल्ड स्टोअर, म्हणजे किराणा दुकान, आहे. दूध आणायला उतरलेल्या माणसाला सिगरेटचं पाकीट तिथे हाताशीच. तेव्हापासून हे नुसती खुबूस रोटी घेऊन वर आले तरी मी दारातच त्यांच्या शर्टाचा वास घ्यायचे.

जिदहफ्सच्या दुकानदाराने 'मफी', नाही, म्हणून हात झटकले, हे मॉडेल आता येत नाही म्हणे. लेक म्हणाली, "बाबा, जस्ट बाय अ न्यू वन." ऐकतील तर शपथ. ह्याच वेपने सिगरेट सुटली, नवा लागू पडला नाही तर काय करायचं, हे ह्यांचं पालुपद. एवढा शिकलेला माणूस, पण त्या वेपला नवसाच्या देवासारखा धरून बसला.

मग तुबलीच्या एका वर्कशॉपमधून पितळी नळीचा तुकडा आला, कानस आली, करवतीचं पातं आलं. नळी आवळून धरायला शिकंजा मात्र नव्हता, म्हणून पोळपाटावर ती मी दाबून धरायची आणि ह्यांनी घासायची. मी हलवते असं ते म्हणायचे, आणि तुम्हीच वाकडं घासताय असं मी. लग्नानंतर एवढा वेळ आम्ही समोरासमोर कधी बसलो नव्हतो.

टाकी गळू नये म्हणून रबर हवं होतं. ते ह्यांनी माझ्या कुकरच्या रिंगमधून कापलं. जुन्या नाही, रोजच्या कुकरच्या. त्या दिवशी डाळ पातेल्यात रटरटत बसली आणि तिच्यापेक्षा जास्त मी. रबर नीट बसेना, तर त्याला साजूक तूप चोळलं. नळी काळपट दिसली, तर समई घासावी तशी चिंच-मीठ लावून लखलखीत केली. मग ऐटीत पहिला झुरका घेतला. गॅलरीभर फोडणीच्या वरणाचा वास सुटला, ह्यांचं तोंड आंबट झालं, आणि शेजारच्या बाईंनी आज काय सण आहे का म्हणून विचारलं. मी पोट धरधरून हसले. हे मात्र दुखावले आणि सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून लागले.

ह्या खेपेला घाई नव्हती. ऑफिसातून आले की कपडे बदलायचे, चहा घ्यायचा आणि कानस घेऊन बसायचं. दूध आणा म्हटलं तर, थांब, एवढी कड होऊ दे, म्हणायचे. गॅलरीचं दार दिवसचे दिवस उघडत नव्हतं. शर्टाचा वास घ्यायचं मीच विसरून गेले होते, हे एक दिवस माझ्या लक्षात आलं. माणूस सिगरेट ओढत नव्हता आणि वेपही ओढत नव्हता.

शेवटी टाकी झाली. आटे सुरेख बसले, पाणी भरून पाहिलं तर थेंब गळेना. ह्यांनी ती पुसून माझ्या हातात ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी फिरवून फिरवून पाहिली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि त्याच वेळी त्या टाकीची भयंकर भीती वाटली. वेपमध्ये भरायचं बाटलीतलं लिक्विड टेबलावर तयार होतं.

"एका बाजूला जरा तिरपी वाटतेय," मी म्हणाले.

ह्यांनी टाकी उजेडात धरली. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"हो गं, आहे खरी," ते म्हणाले, आणि कानस शोधायला लागले.