पेन्सिलीनं लिहिलेली सिस्टर

“माझी ड्यूटी पेन्सिलीनंच लिहिलेली बरी, कुठंही हलवता येते,” असं राजश्री सिस्टर एकदा हसत म्हणाली होती. ते ऐकून वॉर्डातल्या आयाबाई सरोजामावशी यांच्या डोक्यात तिडीक गेली होती. ती अजून उतरली नव्हती.

नवघरच्या त्या खासगी हॉस्पिटलात राजश्री इनचार्ज. महिन्याचा ड्यूटीचा तक्ता तीच लावायची. बाकी साऱ्याजणींच्या पाळ्या पेनानं, हिची पेन्सिलीनं. कुणाचं पोर तापलं, कुणी गावी अडकली, की खोडरबर फिरायचं. तिच्या ओळीचा कागद घासून घासून झिरझिरीत झाला होता. आयसीयूत तिच्यासारखा हात दुसरा नाही, हे सगळेच सांगायचे. सांगून घरी जायचे.

सलग पाच रविवार असेच सुट्टीविना गेले. मग बुधवारी तिनं नऊ नंबरच्या खाटेचं इंजेक्शन सात नंबरच्या म्हाताऱ्याला टोचायला घेतलं. मावशींनी तिचं मनगटच धरलं. “बाई, ह्यो सात हाय!” राजश्री हातातल्या सिरिंजकडं बघत राहिली, ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

त्याच दिवशी मावशींनी पेन मागून घेतलं आणि येत्या रविवारच्या चौकटीत स्वतः ‘सुट्टी’ गिरवलं. तीनदा.

शुक्रवारी दोनला राजश्रीची ड्यूटी संपली. तीनला ती अजून तिथंच होती. मॅनेजर कौस्तुभ सर आले.

“रविवारी स्टाफसाठी ताणमुक्ती शिबिर आहे. खुर्च्या, चहा, हजेरी तुम्हीच बघा सिस्टर. तुम्ही असलात की मला टेन्शन नसतं.”

“त्यांची सुट्टी हाय,” मावशी मध्येच बोलल्या.

“अहो मावशी, शिबिर म्हणजे आरामच की!”

“मंग तुमीच करा की त्यो आराम. खुर्च्या उचलत.”

सर हसले. ड्रॉवरमधून व्हाइटनर काढून त्यांनी ‘सुट्टी’वर फिरवलं, वाळावं म्हणून फुंकरही मारली, आणि पेन्सिल राजश्रीपुढं धरली. “घाला ड्यूटी तुमच्या हातानं.”

राजश्रीनं पेन्सिल घेतली. मावशींनी कपाळावर हात मारला. लिहील आता. मरायला टेकली तरी लिहील, आणि वर विचारील, चहा किती जणांचा सांगू?

राजश्री त्या पांढऱ्या चौकटीकडं बराच वेळ बघत होती. मग तिनं पेन्सिल सरांच्या खिशाला लावली, पर्स खांद्याला अडकवली आणि जिना उतरून गेली.